टाके, टँक, मामा : एका शब्दाचे दोन उगम

१

इंग्रजी शब्दकोशात ज्यांच्या व्युत्पत्तीपुढे मराठीचे नाव येते असे शब्द मोजकेच आहेत. 'मंगूस' हा त्यांतला निर्विवाद. तो आपल्या मुंगसावरून गेला. 'टँक' हा दुसरा, आणि तो वादग्रस्त आहे. वादग्रस्त असल्यामुळेच तो अधिक विचार करण्याजोगा ठरतो. आज इंग्रजी बोलणारा माणूस मोटारीच्या इंधनाची पेटी, मासे पाळण्याचे काचपात्र, युद्धातील चिलखती वाहन, सांडपाण्याचा हौद, बिनबाह्यांचा अंगरखा आणि धोरणे आखून देणारी संशोधनसंस्था यांसाठी हाच शब्द, एकटा किंवा जोडशब्दाचा भाग म्हणून, वापरतो. क्रियापद म्हणून वापरला तर तो कोसळणे किंवा सामना जाणूनबुजून हरणे असाही अर्थ देतो. या सर्व अर्थांच्या तळाशी पाणी आहे, आणि ते पाणी हिंदुस्थानातले आहे, एवढ्यापुरते कोशकारांत एकमत दिसते. मतभेद सुरू होतो तो त्यापुढे.

प्रस्तुत निबंधात या शब्दाचा मागोवा आमगावच्या परिसरातून घेण्याचे योजले आहे. गोंदिया जिल्ह्यातील हे तालुक्याचे गाव हावडा-मुंबई लोहमार्गावर, मध्य प्रदेश व छत्तीसगड यांच्या सीमांजवळ वसलेले असून भोवती धानाच्या बांध्या आणि तलाव यांचाच मुलूख पसरलेला आहे. 'टँक' हा शब्द जन्मला असेल तर तो इथून शेकडो कोसांवर, पश्चिम किनाऱ्याकडे. तथापि इंग्रजी राज्याच्या दप्तरात या शब्दाला जिथे सर्वाधिक राबावे लागले त्या प्रदेशांपैकी वैनगंगेचे खोरे हा एक होय. शब्दाचा जन्म कोठे झाला यापेक्षा तो कोठे राबला हे पाहिल्यास त्याच्या अर्थाविषयी अधिक काही हाती लागते, असे या लेखकाचे मत आहे.

उगमाच्या वादाची आमगावला सवय आहे. 'मालतीमाधवा'च्या प्रस्तावनेत भवभूतीने आपल्या पूर्वजांचे गाव म्हणून जे पद्मपुर सांगितले ते आमगावनजीकचे पदमपूर होय, असे म. म. वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादन केले. वाकाटकांचा दुर्ग येथील त्रुटित ताम्रपट पद्मपुराहून दिलेला आहे, हा त्यांच्या युक्तिवादाचा एक महत्त्वाचा आधार. सर्वच विद्वानांनी ते मानले असे नाही. परंतु आमगावच्या महाविद्यालयाला भवभूतीचे नाव आहे, आणि स्थानिक स्मृतीपुरता तो वाद केव्हाच निकालात निघाला आहे. कवीच्या जन्मगावाची निश्चिती करताना पुराव्याबरोबर आपलेपणाची ओढही काम करीत असते. शब्दाच्या जन्मगावाबाबतही वेगळे घडत नाही.

२

हेन्री यूल व ए. सी. बर्नेल यांच्या 'हॉब्सन-जॉब्सन' या १८८६च्या कोशाने 'टँक' या शब्दाची गणना बुचकळ्यात टाकणाऱ्या शब्दांत केली आणि त्याला एक भारतीय व एक युरोपीय असे दोन उगम असावेत असे सुचविले. भारतीय बाजूला गुजराती आणि मराठीतील टांके, टाके हे शब्द आहेत. युरोपीय बाजूला पोर्तुगीज 'तांके' आहे. त्याचा सोयरा स्पॅनिश 'एस्तांके', आणि मागे गेल्यास वाहते पाणी अडविणे, थोपविणे या अर्थाचे क्रियापद. काही विद्वान ही साखळी साचलेल्या पाण्याचा वाचक असलेल्या 'स्तान्युम' या लॅटिन शब्दापर्यंत नेतात.

कालक्रम पाहू जाता पोर्तुगीज पक्ष दुबळा नाही. वास्को द गामाच्या १४९८च्या सफरीचे जे पोर्तुगीज वृत्त उपलब्ध आहे त्यात कालिकतच्या एका देवळाशेजारच्या चिरेबंदी तलावाला 'तांके' म्हटले आहे. म्हणजे किनाऱ्यावर पाय ठेवताच त्यांनी हा शब्द वापरला. गुजराती किंवा मराठी तोवर त्यांच्या कानी पडण्याचे कारण नव्हते. (याच वृत्तात त्या देवळाला ख्रिस्ती मंदिर समजून तेथे प्रार्थना केल्याचीही हकिकत आहे. देऊळ ओळखताना ते चुकले, तलाव ओळखताना चुकले नाहीत.) पुढे सतराव्या शतकाच्या आरंभी इंग्रज सुरतेला वखार घालून बसले तेव्हा त्यांच्या कानांवर हा ध्वनी दोन्हीकडून पडू लागला. बंदरातील व्यवहाराची भाषा म्हणून पोर्तुगीज रुळलेली होती, आणि गावातल्या घराघरांत पावसाचे पाणी साठविण्याची टांकी होती. दोन भाषांतून आलेले, उच्चाराने जवळचे आणि अर्थाने शेजारचे असे दोन शब्द तिसऱ्या भाषेत येऊन एक झाले. कोणता आधी ऐकला असे त्या वखारवाल्यालाच विचारले असते तर त्याला उत्तर देता आले असते असे वाटत नाही.

३

मराठी बाजूचा विचार थोडा सावकाशीने करायला हवा. आपल्याकडे 'टाके' म्हटले की डोळ्यांपुढे येते ते गडावरचे, कातळात खोदलेले पाण्याचे टाके. त्याच्या शेजारीच 'टाकी' आहे, म्हणजे पाथरवटाची छिन्नी. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, या म्हणीतली टाकी हीच. संस्कृतात 'टङ्क' म्हणजे दगड फोडण्याचे हत्यार, आणि ठोकून, छाप उठवून केलेले नाणेही. यावरून टांकसाळ झाली आणि आधुनिक काळात टंकलेखन झाले. देवघरातील चांदीच्या पत्र्यावर ठोकून उठविलेला कुलदेवतेचा टाकही याच कुळातला मानावा असा मोह होतो. टाकीने कोरलेले ते टाके, ही व्युत्पत्ती मनाला पटणारी आहे. वस्तू आणि शब्द यांचा तिच्यात चांगला मेळ बसतो.

मात्र दोन गोष्टी या समाधानाच्या आड येतात. पहिली अशी की कान्हेरी, जुन्नर, नाणेघाट येथील प्राकृत शिलालेखांत कातळातल्या अशाच टाक्यांना 'पोढी' असे नाव आहे. वस्तू तीच, हत्यार तेच, पण शब्द निराळा. म्हणजे ज्या कारागिरांनी ही कला पराकोटीला नेली त्यांना, निदान दान कोरून ठेवताना, 'टाके' हे नाव सुचलेले नाही. येथे वैदर्भीय वाचकाला आपली 'बोडी' आठवल्यावाचून राहणार नाही. शेताच्या वरच्या अंगाला बांधलेल्या लहानशा तळ्याला भंडारा-गोंदियाकडे बोडी म्हणतात. पण पोढी आणि बोडी यांच्यामध्ये दीड-दोन हजार वर्षांची पोकळी आहे. केवळ कानाला गोड लागते म्हणून ती पोकळी भरून काढण्याचा अधिकार आपल्याला पोचत नाही. मराठी व्युत्पत्तिविचाराने असे पूल पूर्वी पुष्कळ बांधले आणि त्यांतले पुष्कळ वाहून गेले.

दुसरी अडचण अधिक गमतीची आहे. धातुपाठात 'टङ्क्' या धातूचा अर्थ बांधणे असा दिला आहे. कापडाला घातलेला टाका याच्याशी तो जुळतो. म्हणजे एका वाटेने गेल्यास 'टाके' हे फोडण्यातून निघते आणि दुसऱ्या वाटेने त्याच्या शेजारी बांधण्याची क्रिया येऊन उभी राहते. येथे थांबलेलेच बरे. धातुपाठाच्या साहाय्याने कोणत्याही शब्दातून कोणताही अर्थ काढता येतो, आणि तसे केल्यावर काहीच काढल्यासारखे होत नाही.

हा सर्व खटाटोप करण्याचे कारण असे की दोन उगमांमध्ये खऱ्या अर्थाने दोन क्रिया आहेत. मराठी टाके कोरून, आतील द्रव्य काढून टाकून तयार होते. पोर्तुगीज 'तांके'मागे वाहत्या पाण्याला आडवे जाण्याची क्रिया आहे. पहिल्यात पोकळी निर्माण करायची, दुसऱ्यात प्रवाह थांबवायचा. आता आमगावच्या शिवारात जाऊन पाहावे. तेथला तलाव कोणी छिन्नीने कोरलेला नाही. जमिनीचा उतार हेरून, ओढ्याला किंवा पावसाच्या लोंढ्याला मातीची पाळ घालून तो अडविलेला आहे. म्हणजे इंग्रज अधिकाऱ्याने या तलावाला 'टँक' म्हटले तेव्हा शब्दाच्या मराठी पूर्वजाने नव्हे, तर युरोपीय पूर्वजाने त्या वस्तूचे अधिक यथार्थ वर्णन केले. सह्याद्रीतल्या गडावर मराठी व्युत्पत्ती बिनचूक लागू पडते, आणि वैनगंगेच्या खोऱ्यात पोर्तुगीज. 'हॉब्सन-जॉब्सन'ने आपल्या व्याख्येत खोदून केलेला आणि बांध घालून केलेला असे दोन्ही प्रकार समाविष्ट केले, ते योगायोगाने नव्हे. शब्दाच्या पोटातच ती दुहेरी क्रिया होती.

देशीवादाच्या चर्चेत अलीकडे शब्दांची कुळे तपासण्याचा उत्साह दिसतो आणि 'टँक हा मुळात आमचाच' असे विधान टाळ्या घेऊ शकते. पण त्या न्यायाने 'तलाव' आमचा कितपत ठरेल? 'तळे' हे तडागावरून प्राकृतातून आलेले आहे. 'तलाव' मात्र 'तालाब'च्या वाटेने आला, आणि त्या 'तालाब'वर पाण्याच्या वाचक फारसी 'आब'चा संस्कार मानला जातो. खुद्द 'तडाग' मूळचा आर्य नसावा, असेही मत अभ्यासकांनी मांडले आहे. माधव जूलियन यांनी 'भाषाशुद्धि-विवेक' १९३८ साली लिहिला तेव्हा शब्दांची हद्दपारी हा ज्वलंत प्रश्न होता. पाण्याच्या शब्दांना ती लागू करायची म्हटल्यास माणसाला तहान लागल्याचे सांगणेही अवघड होईल.

४

इंग्रजांच्या आधी या मुलखात नावांची एक उतरंड होती. शेतकऱ्याची स्वतःची, चार बांध्या भिजविणारी ती बोडी. गावाचा, अनेकांच्या धानाला आणि गुरांना पुरणारा तो तलाव. नवेगावबांधसारख्या अवाढव्य जलाशयाच्या नावात तर बांध हाच शब्द आहे; तो कोलू पाटील कोहळी याने बांधला अशी परंपरा आहे. कोहळी समाजाचे तलाव बांधण्याचे कसब रसेलने मध्य प्रांतातील जातिजमातींवरील १९१६च्या ग्रंथात नोंदविले आहे. गोंड राजांच्या काळात तलाव बांधणाऱ्याला त्याबद्दल जमीन देण्याची प्रथा होती, आणि चांद्याकडे त्या देणगीला 'तुकुम' असे नावही होते. या प्रत्येक नावामागे पाणी कोणाचे, कोणी किती घ्यायचे आणि पाळ फुटली तर कोणी बांधायची याचे उत्तर अध्याहृत होते. धर्मशास्त्रानेही कूप, वापी, पुष्करिणी, तडाग असा भेद केला होता, आणि तोही निव्वळ आकाराचा नव्हता.

१८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले. पुढील दशकात जमाबंदी होऊन मालगुजारांना गावांची मालकी मिळाली. त्या जमाबंदीपासून तो १९०८च्या भंडारा जिल्हा गॅझेटियरपर्यंत इंग्रजी कागदांत एकच शब्द सर्वत्र दिसू लागतो. नवेगावबांधसारख्या विस्तीर्ण जलाशयाला 'लेक' हा मान मिळतो, बाकी सारे 'टँक'. ही सोय प्रशासनाची होती आणि तिच्यात दुष्ट हेतू शोधण्याचे कारण नाही. दूरच्या साहेबाला मोजणी करायची होती, आणि मोजण्यासाठी वस्तू एकजातीय व्हाव्या लागतात. तथापि ज्या क्षणी बोडी आणि तलाव एका स्तंभात, एका शीर्षकाखाली आले त्या क्षणी त्यांच्यामधला भेद कागदावरून नाहीसा झाला. तो राहिला वाजिब-उल-अर्जमध्ये, म्हणजे गावच्या चालीरीतींच्या नोंदीत, आणि लोकांच्या तोंडी.

या पुसलेल्या भेदाचे मोल स्वातंत्र्यानंतर चुकवावे लागले. मध्य प्रदेशात मालकी हक्क नष्ट करणारा १९५०चा कायदा ३१ मार्च १९५१ रोजी अमलात आला. आमगाव त्या वेळी त्याच राज्यात होते. शासनाकडे जाणाऱ्या वस्तूंच्या यादीत जमीन, गवत, जंगल, मासेमारी, विहिरी यांबरोबर 'टँक' आणि 'पाँड' हे दोन शब्द शेजारी-शेजारी आले. त्याच कायद्याने शेताच्या ताब्यातील जमिनीवरच्या खाजगी विहिरी आणि 'टँक' यांना अपवादही केला. म्हणजे एकाच अधिनियमात तोच शब्द एका कलमात शासनाकडे जातो आणि दुसऱ्या कलमात मालकाकडे राहतो. त्यांतला कोणता कोणता हे शब्दाला सांगता येत नव्हते. ते सांगू शकला असता तो 'बोडी' हा शब्द. पण तो कायद्याच्या भाषेत नव्हता.

भाषांतर-मीमांसेत आपण बहुधा एका संहितेतून दुसऱ्या संहितेत काय हरवले याची चर्चा करतो, आणि ती संहिता कविता असते. येथे हरवलेली गोष्ट पाण्यावरचा हक्क होती. पाळ दुरुस्त करणे हे मालगुजाराचे काम होते आणि निस्तार हा गावाचा हक्क होता. मालकी शासनाकडे गेली तेव्हा काम कोणाकडे गेले आणि हक्काचे काय झाले, याचे उत्तर 'टँक' या नोंदीतून मिळणे शक्य नव्हते. तलाव गाळाने भरत गेले. त्याची कारणे अनेक आहेत आणि सगळा दोष एका शब्दावर ढकलणे हास्यास्पद होईल; परंतु त्या कारणांत या अर्थलोपाची गणना करायलाच हवी.

५

दरम्यान शब्द जगभर फिरून आला होता. जहाजावरील पाण्याची लोखंडी पेटी ही 'टँक' झाली आणि शब्दाने उघड्या आकाशाखालून बंद धातूत प्रवेश केला. हा त्याच्या अर्थेतिहासातला निर्णायक टप्पा मानावा लागेल. तलावात पाणी येते, जाते, झिरपते, त्यात कमळे असतात. पेटीत ते मोजून भरलेले असते. पुढचे जवळजवळ सर्व अर्थ, म्हणजे इंजिनाचा पाणीसाठा, खनिज तेल, इंधन हे अर्थ, या पेटीचे वंशज आहेत. याच मार्गाने तो बंगाल-नागपूर रेल्वेबरोबर, वाफेच्या इंजिनाच्या पाण्यासाठी, पुन्हा मध्य प्रांतात आला. तलावालाही 'टँक' आणि रुळांकाठच्या उंच पेटीलाही 'टँक', हे दोन्ही अर्थ एकाच स्थानकावर उभे राहून पाहता येत असत.

रणगाड्याची कथा परिचित आहे, पण तिच्यातील एका तपशिलाकडे आपल्याकडे लक्ष गेलेले नाही. इंग्लंडमधील लिंकन येथील कारखान्यात १९१५ साली ही वाहने तयार होत असताना गुप्ततेसाठी ती पाणी वाहण्याची पात्रे असल्याचे भासविले गेले, आणि मेसोपोटेमियाच्या वाळवंटासाठी ती जाणार असल्याची बतावणी झाली. वर्षअखेरीस 'टँक' हे नाव ठरले, आणि १५ सप्टेंबर १९१६ रोजी सॉमच्या रणांगणावर ती प्रथम उतरली. त्या सुमारास मेसोपोटेमियात खरोखरच पाण्यावाचून तडफडणारे जे सैनिक होते त्यांत सहाव्या पुणे डिव्हिजनमधील मराठा पलटणींचा समावेश होता. ज्यांच्या भाषेच्या परिसरातून तो शब्द गेला त्यांच्याच तहानेचा आधार घेऊन त्याला युद्धाचा अर्थ चिकटविला गेला. मराठीने या अर्थापुरता शब्द नाकारला आणि 'रणगाडा' घडविला. तो इतका स्वाभाविक झाला की तो घडविलेला आहे हे आज कोणाला जाणवत नाही.

पाण्याच्या अर्थाने मात्र तो परत आलाच. घराच्या गच्चीवरील 'टाकी' ही पाथरवटाच्या टाकीची बहीण नसून हिंदी-गुजराती 'टंकी'च्या आणि इंग्रजी 'टँक'च्या वाटेने आलेली परदेशस्थ भाची आहे. स्त्रीलिंगी झाल्यामुळे ती छिन्नीशी एकरूप दिसते, आणि 'टाकी बसविली' हे वाक्य पाथरवट आणि नळकारागीर यांना वेगवेगळे ऐकू येते. सत्तरच्या दशकात गुजरातेतील कलोल येथे तयार होऊ लागलेल्या काळ्या प्लॅस्टिकच्या टाकीने तर 'सिंटेक्स' हे आपले व्यापारी नावच सामान्यनाम करून टाकले. सुरतेहून निघालेला शब्द अशा रीतीने गुजरातमार्गेच घरी आला. 'टँकर'ने मराठीत जो अर्थसंभार गोळा केला आहे तो तर कोणत्याही इंग्रजी कोशात सापडणार नाही. 'टँकरचे गाव' म्हटले की दुष्काळ, राजकारण, रांग, कंत्राट हे सर्व एकदम डोळ्यांपुढे येते. हा अर्थ पूर्णपणे मराठी आहे.

६

आणि आमगावच्या तलावांचे काय झाले? १९५६ साली हा भाग मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. शासनाच्या कागदांवर या तलावांना 'माजी मालगुजारी तलाव' असे नाव मिळाले. नाव मोठे लक्षणीय आहे. 'माजी' अरबी, 'मालगुजारी' फारसीच्या वाटेने आलेली, 'तलाव'ची कथा वर सांगितलीच. आणि 'टँक' मात्र नाही. संपलेल्या मालकीची ओळख वस्तूच्या कपाळावर कायमची लिहिणारे असे दुसरे नाव मराठी प्रशासनात क्वचितच सापडेल. हे तलाव आज काय आहेत ते नाव सांगत नाही, कोणाचे होते एवढेच सांगते.

कारकुनी संक्षेपाने त्याचे 'मा. मा. तलाव' केले. मग टिंबे गळाली, आणि 'मामा तलाव' झाले. आता वर्तमानपत्रांत, विधिमंडळातील चर्चेत आणि शेतकऱ्याच्या बोलण्यात हेच नाव आहे. ज्याला मालगुजारी म्हणजे काय हे ठाऊक नाही अशा पोराला तो मामाचाच तलाव वाटतो, आणि त्यात त्याचे काही चुकते असे म्हणवत नाही. सोस्यूरप्रणीत चिन्हविचाराला याहून उत्तम उदाहरण मिळणे कठीण. व्युत्पत्ती दोन अक्षरांत पूर्ण झाकली गेली आहे, आणि ज्या नात्यात भाच्याला न मागता मिळते ते नाते त्या जागी येऊन बसले आहे.

याच काळात 'बोडी'ही शासकीय कागदात परतली. भंडारा-गोंदियाकडच्या योजनांत बोड्यांचे खोलीकरण, नूतनीकरण असे शीर्षक आता असते, आणि मामा तलाव व बोडी यांची मोजणी पुन्हा निरनिराळ्या स्तंभांत होऊ लागली आहे.